वरातीचा बँड : एका चोरट्या आवडीचा विचार

कलेच्या प्रांतांत सुशिक्षित माणसाची आवड बहुधा दुहेरी असते: एक चारचौघांत सांगण्याची, दुसरी मनांत ठेवण्याची. पहिली दिवाणखान्यांतल्या कपाटासारखी असते. तिच्यांत काय मांडावयाचें हें येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेवर ठरतें. दुसरी माजघरांतल्या फडताळासारखी असते. तिच्यांत रोज लागणाऱ्या वस्तू असतात. आमच्या टीकावाङ्मयानें दिवाणखान्यांतल्या कपाटाची यादी आजवर मोठ्या साक्षेपानें केली. फडताळाकडे मात्र त्यानें क्वचितच ढुंकून पाहिलें. याचा परिणाम असा झाला आहे कीं, जें आपण भक्तिभावानें ऐकतों त्याविषयीं आपल्यापाशीं शब्दांचा साठा विपुल आहे, आणि जें ऐकतांना आपला पाय नकळत ताल धरूं लागतो त्याविषयीं बोलावयाचें म्हटलें तर आपण एकदम मुके होतों.

आमच्या फडताळांतली अशी एक वस्तु म्हणजे लग्नाच्या वरातीचा बँड. आम्ही नंदुरबार जिल्ह्यांत राहतों, महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों, आणि घरीं अब्दुल करीमखां व केसरबाई यांचीं ध्वनिमुद्रणें ऐकतों, हें सर्व आम्ही कोणासहि निःसंकोच सांगूं. पण रस्त्यावरून बँड चालला असतां हातांतलें पुस्तक आपोआप मिटतें, आणि तो चौक ओलांडून जाईपर्यंत पुन्हां उघडत नाहीं, ही गोष्ट सांगतांना आमची जीभ जराशी अडखळते. अशा सुखास ‘चोरटें सुख’ म्हणण्याची चाल आहे. या सुखांत चोरी कोणाची होते, आणि ती खरोखर चोरी आहे काय, हें तपासावें असा आमचा हेतु आहे. विषय अवघड होण्याचें आणखी एक कारण आहे. आमच्या ऐकण्याच्या काळांत या बँडचा आवाज दोनदां पार पालटला. आणि आमची आवड प्रत्येक वेळीं कांहीं दिवस रुसून पुन्हां त्याच्या मागोमाग गेली. जी वस्तु आवडत होती ती उरली नाहीं, तरी आवड उरली. तेव्हां आम्हांस आवडत होतें तें नेमकें काय, हा प्रश्न टीकाकारास टाळतां येत नाहीं.

प्रथम स्थळाचा परिचय करून देणें इष्ट होईल. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी असे त्याचे सहा तालुके. उत्तरेस सातपुडा व नर्मदा, मधून तापी, आणि पश्चिमेस गुजरातची सीमा. २०११ च्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्याच्या लोकसंख्येंत सुमारें ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांच्या बोली, तापीखोऱ्यांतली अहिराणी, गुजर समाजाची गुजरी, पेठेंतली गुजराती, सर्वत्र चालणारी हिंदी, आणि शाळा-कचेऱ्यांची मराठी इतक्या भाषा येथें एका आठवडे बाजारांत ऐकूं येतात. अशा मुलखांत मिरवणुकीचें वाद्य सर्वांना समजणारें असावें लागतें. बँडला शब्द नव्हते, हीच त्याची येथली पहिली सोय होती. गाणें ज्याला ज्या भाषेंत आठवेल त्या भाषेंत त्यानें मनांत म्हणावें.

बँड ही वस्तु मुळांत आपली नव्हे. इंग्रजांच्या पलटणींबरोबर ती या देशांत आली, संस्थानिकांनीं ती हौसेनें आपल्या दरबारीं बाळगली, आणि तेथून ती हळूहळू लग्नाच्या मांडवापर्यंत उतरली. मेरठ येथें १८८५ सालीं निघालेल्या नादिर अली कंपनीसारख्या कारखानदारांनीं पितळी वाद्यें गांवोगांव पोंचविलीं, म्हणून हा प्रसार इतका झपाट्यानें झाला. मोठ्या कलावंतांनींहि या प्रकाराचा विटाळ मानलेला नाहीं. मैहर संस्थानांत अल्लाउद्दीनखांनीं १९१८ च्या सुमारास अनाथ मुलांना हाताशीं धरून एक वाद्यवृंद उभा केला, आणि त्यांत बंदुकीच्या नळ्या कापून केलेलें ‘नलतरंग’ हें वाद्यहि बसविलें. इकडे पुण्यास गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत प्रभात व दरबार हे बँड ऐकण्यासाठीं माणसें मुद्दाम वाट पाहत उभीं राहिलेलीं आहेत.

आमच्या भाषेनें मात्र या वाद्यास न्याय दिला नाहीं. चौघडा झडतो, सनई मंगल असते, नगारा दुमदुमतो. बँड ‘वाजतो’ तो एखाद्याच्या फजितीचा. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाचा बँड वाजतो, निवडणुकींत आपटलेल्या उमेदवाराचा बँड वाजतो. ज्या वाद्याखेरीज कित्येक घरांतलें लग्न पुरें होत नाहीं, त्याच्या नांवाचा असा वाक्प्रचार व्हावा, यांत आमच्या समाजाची त्या वाद्याकडे, आणि विशेषतः तें वाजविणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टि उघडी पडते. चोरटेपणाचें मूळ येथेंच कोठें तरी आहे. त्याकडे आम्ही पुढें येऊंच.

आतां आवाजाकडे वळूं. पहिला आवाज पितळेचा. त्यांत क्लॅरिओनेट पुढें, कॉर्नेट अथवा ट्रंपेट त्याच्या जोडीस, युफोनियमचा भरदार आवाज मागें, आणि खालीं ताशासारखा कडाडणारा साइडड्रम व मोठा ढोल. वाद्यें विलायती, परंतु वाजविण्याची रीत सर्वस्वीं देशी. पाश्चात्य बँडांत निरनिराळीं वाद्यें एकाच वेळीं निरनिराळे स्वर धरतात. आमच्या बँडांत बहुतेक सारीं वाद्यें एकच चाल वाजवितात, जणूं सारें गांव एकच गाणें म्हणत आहे. या रचनेंत क्लॅरिओनेट पुढें असण्यास कारण आहे. त्याच्या छिद्रावरून बोट अलगद सरकवून आणि ओठांचा दाब कमीजास्त करून वाजविणाऱ्यास थोडीबहुत मींड घेतां येते. कॉर्नेटच्या तीन कळांना हें काम जड जातें. म्हणून क्लॅरिओनेटनें गावें व कॉर्नेटनें त्यास होकार द्यावा, अशी वांटणी आपोआप झाली. सिनेमाच्या गाण्यांतली गायिकेची आर्जवी लकेर क्लॅरिओनेटनें घ्यावी, आणि तिच्यामागून येणाऱ्या वाद्यवृंदाचा सारा पसारा चार कॉर्नेटांनीं एका फुंकरींत उरकावा, हा चमत्कार ज्यानें लक्षपूर्वक ऐकला आहे तो त्यास नुसती नक्कल म्हणणार नाहीं. तें भाषांतर असतें. आणि भाषांतरांत काय टाकावें हें ज्याला कळतें तोच चांगला भाषांतरकार.

या आवाजाचा दुसरा गुण रस्त्याशीं निगडित आहे. पितळी वाद्याचा स्वर त्याच्या कर्ण्यासमोर अधिक प्रखर असतो, बाजूस व मागें मऊ असतो. त्यामुळें बँड गल्लींतून वळला कीं त्याच्या स्वराचा रंगच बदलतो. येतांना झगझगीत, समोरून जातांना भरलेला, पाठ फिरल्यावर ओलसर. नाट्यगृहांत बसून हा अनुभव मिळत नाहीं. हें संगीत चालत येतें आणि चालत जातें, व जातांना आपल्याबरोबर आपलें लक्ष थोडें दूरवर घेऊन जातें. बँडवाले बेसूर वाजवितात हा आरोप पुष्कळदां खरा असतो, हें नाकारण्याचें आम्हांस कारण नाहीं. चालत, धुळींत, भर उन्हांत, वळणावळणावर थांबत वाजविणाऱ्याचा स्वर कधीं हलतो. परंतु ज्यास केवळ बेसूरपणा ऐकूं येतो आणि ही चाल ऐकूं येत नाहीं, त्याचा कान अर्धाच शिकलेला आहे असें आम्ही म्हणूं.

दुसरा आवाज बेंजोचा. या वाद्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. जपानांत नागोया शहरीं १९१२ सालीं गोरो मोरिता नांवाच्या कलावंतानें ‘ताइशोगोतो’ हें वाद्य काढलें: लांबट पेटीवर तारा, आणि त्यांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा. डाव्या हातानें कळ दाबावी, उजव्या हातानें तार छेडावी. आपल्याकडे तें बुलबुलतरंग म्हणून आलें, मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांच्या खेळण्यांत शिरलें, आणि मग त्यास विजेची जोड मिळून कर्ण्यावाटे गरजूं लागलें तेव्हां लोकांनीं त्याचें नांव ‘बेंजो’ ठेवलें. अमेरिकेंतला बँजो आणि हा बेंजो यांत तारा छेडण्यापलीकडे साम्य नाहीं. तिकडचा बँजो आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांपासून झालेला. जपानी देह, अमेरिकन नांव आणि महाराष्ट्रीय वरात असा हा त्रिवेणी संगम आहे. मुंबईच्या गणेशोत्सवांत तर बेंजो पार्टीनें असें स्थान मिळविलें कीं, २०१६ सालीं रवि जाधव यांनीं याच नांवाचा हिंदी चित्रपट काढला.

बेंजो आला तेव्हां पितळेच्या चाहत्यांनीं, आणि त्यांत आम्हीहि होतों, नाकें मुरडलीं. छेडलेल्या तारेचा स्वर क्षणांत विझतो. तो जिवंत ठेवावयाचा तर पुनःपुन्हां भराभर छेडणें भाग पडतें. म्हणून बेंजोचा प्रत्येक लांब स्वर थरथरता असतो. मींड त्यांत नाहीं, कारण कळा जागच्या जागीं घट्ट. परंतु ही उणीव त्याच्या वादकांनीं अशी फिरविली कीं तिचेंच बलस्थान झालें. तो थरथराट नाचणाऱ्याच्या अंगांत उतरतो. फुंकीच्या वाद्यांना न झेपणारी गति त्यास सहज झेपते. क्लॅरिओनेट गाण्याचें भाषांतर करीत असे, बेंजो गाण्याला पळवितो. दोन्ही गोष्टी आवडणें शक्य आहे, हें कळावयास आम्हांस थोडा काळ लागला इतकेंच.

येथें अमेरिकेंतल्या एका उदाहरणाची आठवण होते. केंटकी प्रांताच्या बिल मन्रो या गायक-वादकानें १९३९ च्या सुमारास आपला बँड नांवारूपास आणला, आणि त्याच्या नांवावरून तिकडच्या डोंगरी संगीताच्या एका शाखेस ‘ब्लूग्रास’ हें नांव पडलें. आज त्या संगीताचे कट्टर अभिमानी बँजोची विशिष्ट त्रिअंगुली वादनपद्धति हाच त्याचा आत्मा मानतात, आणि वीज किंवा नवें वाद्य आलें कीं बाटलें म्हणून हाकाटी करतात. पण ती पद्धति अर्ल स्क्रग्ज याच्याबरोबर मन्रोच्या बँडांत आली ती १९४५ च्या अखेरीस. त्याच वर्षाच्या आरंभींच्या ध्वनिमुद्रणांत चक्क अकॉर्डियन वाजतें आहे! पुढें १९७१ सालीं ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ या तरुण मंडळीनें त्यांत आणखी फेरफार केले, तेव्हां पुन्हां तोच वाद झाला. म्हणजे ज्यास आपण परंपरेचा मूळ आवाज म्हणतों तो पुष्कळदां आपण प्रथम ऐकलेला आवाज असतो. परंपरेचें वय आपण आपल्या तारुण्यापासून मोजतों. हा दोष केंटकींत आहे तसा खानदेशांतहि आहे.

तिसरा आवाज सध्यांचा, आणि तो आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम भागाचा विशेष आहे. नवापूर, अक्कलकुवा या बाजूस व सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेंत आदिवासी लग्नांत आतां मालमोटारीवर रचलेला बँड असतो: एक-दोन कीबोर्ड, ढोल व मांदळ यांचे आवाज काढणारें ऑक्टोपॅड, गायक-गायिका, आणि ध्वनिवर्धकांची भिंत. त्याच्यापुढें टिमलीचा नाच चालतो; हातांत हात अथवा खांद्यावर हात ठेवून लांबच लांब रांगा पावलें टाकतात. रोडालीचीं गाणीं देहवाली भिलींत, तशींच इतर बोलींत, या बँडांवर गाइलीं जातात. ज्या बोलींना शाळेच्या पुस्तकांत फारसा थारा मिळाला नाहीं, त्यांना या मोटारीवर ध्वनिक्षेपक मिळाला आहे, ही गोष्ट टीकाकारानें प्रथम लक्षांत घ्यावी. पहिल्या बँडला शब्द नसणें ही सोय होती असें आम्हीं वर म्हटलें. या बँडला शब्द असणें हा अभिमान आहे. दोहोंच्या मध्यें एक समाज आपल्या भाषेंत मोठ्यानें बोलावयास शिकला आहे.

या संगीतावर दोन आक्षेप ठरलेले असतात: तें एकसुरी आहे, आणि तें यंत्राचें आहे. एकसुरीपणाचा आक्षेप चुकीच्या जागीं उभें राहून घेतलेला आहे. चार-पांच स्वरांचा एक छोटा तुकडा पंधरा-वीस मिनिटें फिरत राहतो हें खरें. पण तो तुकडा खुर्चींत बसलेल्या श्रोत्यासाठीं नाहीं. तो नाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन आहे, आणि जमिनीनें दर घटकेस बदलावें अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. दुधी भोपळा, बांबू व शिंग यांची कोकणा लोकांची पावरी घ्या किंवा डहाणूकडचा तारपा घ्या. त्यांचीहि रचना याच तत्त्वावर आहे. फरक सूक्ष्म असतात: तुकड्याचा शेवटचा स्वर एकदां खालीं सोडणें, ढोलाचा एक घाव मुद्दाम गाळणें, गायिकेनें अर्ध्या मात्रेनें उशिरा उठणें. रांगेंतल्या पावलांना हे फरक तात्काळ कळतात. आम्हांस ते कळावयास तीन-चार लग्नसराया जाव्या लागल्या.

यंत्राच्या आक्षेपाचें उत्तर अधिक मजेदार आहे. कीबोर्डाच्या डाव्या बाजूस एक लहान चाक असतें. तें फिरविलें कीं स्वर वर-खालीं घसरतो. आमच्याकडचे वादक उजव्या हातानें शहनाईसारखा टोकदार आवाज काढतात, आणि डावा हात त्या चाकावर ठेवतात. कॉर्नेटनें जी मींड अर्धीमुर्धी सोडली, बेंजोनें जी पार गमावली, ती या परदेशी यंत्रानें परत आणली! या बाबतींत सर्वांत नवा आवाज सर्वांत जुन्याच्या अधिक जवळ आहे. बदल म्हणजे उतरणच, असें मानणाऱ्यांनीं या लहानशा चाकाचा विचार करावा.

मग चोरटेपणा उरतो कोठें? आमच्या मतें त्याचीं कारणें तीन आहेत, आणि तिन्ही सारख्या योग्यतेचीं नाहींत.

पहिलें कारण शुद्धतेचें. ज्या घरांत नाट्यसंगीत व ख्याल यांचे संस्कार झाले त्या घरांतल्या माणसास संकर सोसत नाहीं. परंतु नाट्यसंगीत तरी कोणत्या सोंवळ्यांत जन्मलें? १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं शाकुंतल रंगभूमीवर आणलें तेव्हांपासून साकी-दिंडी, लावणी, कर्नाटकी व हिंदुस्थानी चाली तेथें एका पंक्तीस बसल्या. ज्या पेटीवांचून आमच्या घरांत भजनहि होत नाहीं, ती युरोपांतून आली. आणि तिच्यांत श्रुति नाहींत म्हणून नभोवाणीनें १९४० सालीं तिला दार बंद केलें तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. जी पेटी काल बाटगी होती ती आज कुलीन झाली. तेव्हां शुद्धतेची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. ती बहुधा पन्नास वर्षांत आपोआप जाते.

दुसरें कारण आवाजाच्या मोठेपणाचें, आणि येथें मात्र आम्ही बँडचें वकीलपत्र घेणार नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. डेसिबलच्या हिशेबांत दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होणें. मग वरातीची मोटार दारावरून जातांना ही मर्यादा किती वेळां गुणली जाते याची कल्पना वाचकांनींच करावी. तान्हें मूल, आजारी म्हातारें, उद्यांच्या परीक्षेस बसणारा विद्यार्थी यांचा विचार न करणारी रसिकता ही रसिकता नव्हे. शिवाय हा प्रश्न केवळ शेजारधर्माचा नाहीं, कलेचाहि आहे. पितळी बँड वळणावर रंग बदलीत असे. मोटारींतला खर्ज भिंतींतून पार होऊन सगळीकडून सारखाच येतो. गाडी येण्याआधीं तो छातीवर आदळतो व गाडी गेल्यावरहि रेंगाळतो. त्याखालीं कीबोर्डाची ती मींड, गायिकेचें तें उशिरा उठणें, सारें गडप होतें. ज्या बारकाव्यांसाठीं आम्ही या बँडची बाजू घेतली तेच त्याचा गोंगाट गिळून टाकतो. येथें लाज वाटलीच पाहिजे, आणि ती वादकांच्या आधीं यजमानास वाटली पाहिजे. कारण आवाज वाढविण्याची फर्माइश तोच करतो.

याच संदर्भांत ‘डीजे’चा उल्लेख करणें जरूर आहे. पुष्कळ लोक मोटारीवरचा बँड आणि डीजे यांना एकाच मापानें मोजतात. आमच्या मतें या दोहोंत मूलभूत भेद आहे. बँड पितळेचा असो, बेंजोचा असो वा कीबोर्डाचा असो, त्यांत वाजविणारा माणूस नाचणाऱ्याच्या पायांकडे पाहत असतो. रांग थकली कीं तो लय सैल करतो. नवरदेवाचा मामा नाचावयास उतरला कीं तोच तुकडा आणखी चार वेळां फिरवितो. मुलीकडचीं माणसें दारांत आलीं कीं चाल बदलतो. ध्वनिमुद्रित गाण्याला डोळे नसतात. तें तीन मिनिटांचें असेल तर तीनच मिनिटें चालतें, मग मामा नाचो वा न नाचो. म्हणून बदलता बँड आणि नाहींसा झालेला बँड यांत आम्ही भेद करतों. पहिल्याबद्दल रुसावें, पण ऐकावें. दुसऱ्याबद्दल मात्र दुःखच करावें. जे वादक कीबोर्डांत आधींच भरून ठेवलेला ताल चालू करून स्वस्थ बसतात, ते या दोहोंच्या सीमेवर उभे आहेत, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे.

तिसरें कारण सर्वांत जुनें व सर्वांत खोल. तें वाद्याचें नाहीं, वादकाचें आहे. बँडवाला लग्नांत सर्वांच्या पुढें चालतो आणि पंगतींत सर्वांच्या मागें बसतो. त्याच्या अंगावर सेनापतीचा झगझगीत पोषाख असतो आणि खिशांत हंगामाची मजुरी असते. या धंद्यांत बहुधा त्याच जातींची माणसें आलीं, ज्यांना गावाच्या वाजंत्रीचें काम परंपरेनें लावून दिलेलें होतें आणि देवळाच्या गाभाऱ्यापासून दूर ठेवलेलें होतें. ग्रेगरी बूथ या परदेशी संगीताभ्यासकानें २००५ सालीं ‘ब्रास बाजा’ नांवाचा ग्रंथ लिहून भारतांतल्या लग्नाच्या बँडवाल्यांचें जीवन विस्तारानें मांडलें. आमच्या सुशिक्षित समाजास हें संगीत चोरून ऐकावेंसें वाटतें, त्यांतली चोरी ही अशी आहे: सुख घ्यावयाचें, पण सुख देणाऱ्यास कलावंत म्हणावयाचें नाहीं. ही लाज आवडीची नाहीं. ती पंक्तिभेदाची आहे, आणि आवडीच्या माथीं ती उगाच मारली जाते.

बँडचा आवाज पालटला त्याच्या मागेंहि हा हिशेब आहेच. एक बेंजो व एक ध्वनिवर्धक आला कीं फुंकणाऱ्या पांच-सहा माणसांचें काम सुटतें. एक कीबोर्ड आला कीं बेंजोवाल्याचेंहि सुटतें. आमच्यासारख्या श्रोत्यानें ‘पूर्वीचा पितळेचा बँड काय सुंदर होता!’ असें म्हणणें फार सोपें आहे. उन्हाळ्याच्या लग्नसराईंत दिवसभर क्लॅरिओनेट फुंकून ओठ फुटलेल्या माणसास, त्याच्या मुलानें त्याऐवजीं कीबोर्डापुढें बसावें असें वाटलें, तर त्यास संस्कृतीचा द्रोही कोण म्हणेल? जुन्या आवाजाचा शोक करण्याचा अधिकार, त्या आवाजासाठीं योग्य मोल देण्यास जो तयार आहे त्यालाच आहे. दुसरीकडे, आदिवासींनीं फक्त ढोल आणि पावरीच वाजवावी, कीबोर्डाला हात लावूं नये, असें शहरांतून सांगणारेहि आहेत. त्यांनीं अक्कलकुवा तालुक्यांतील काठीच्या राजवाडी होळीस एकदां जावें. तेथें रात्रभर ढोल घुमतात, कमरेला भोपळे व घुंगरू बांधलेले बुध्ये नाचतात, आणि पहांटे होळी पेटते. होळीचा ढोल होळीला आहे, लग्नाचा कीबोर्ड लग्नाला आहे. कोणत्या देवापुढें काय वाजवावें हें त्या समाजास आपल्याहून अधिक कळतें.

एवढें सांगून झाल्यावर या तीन आवाजांतला श्रेष्ठ कोणता, हें वाचक विचारतील. संथ गाण्यास पितळ, धांवत्यास बेंजो आणि रोडालीस कीबोर्ड, असें वांटून देऊन मोकळें होतां येईल. परंतु एका गोष्टीची हानि झाली आहे, ती नोंदविल्यावांचून हा विचार पुरा होणार नाहीं. ती गोष्ट म्हणजे श्वास. पावरी असो वा क्लॅरिओनेट, फुंकणाऱ्याचा दम जेथें संपतो तेथें चालीचा तुकडा संपतो. म्हणून त्या संगीताचीं वाक्यें माणसाच्या मापाचीं असतात. बेंजोला दम लागत नाहीं, कीबोर्डाला तर मुळींच नाहीं. कळ दाबून धरली कीं स्वर वीज जाईपर्यंत चालूं शकतो. त्यामुळें सामान्य वादकाच्या हातीं हें संगीत विरामाविना वाहणाऱ्या बडबडीसारखें होतें. चांगला वादक कोणता, हें आम्ही आतां एकाच खुणेनें ओळखतों: यंत्राला गरज नसतांना तो तुकड्याच्या शेवटीं क्षणभर हात उचलतो, जणूं श्वास घेतो. असे वादक आमच्या जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यांतल्या कित्येकांच्या वडिलांनीं वा चुलत्यांनीं पितळ फुंकलेलें असतें, आणि त्या फुंकरीचें माप मुलाच्या बोटांत उतरलेलें असतें. आवाज दोनदां बदलूनहि आमची आवड ज्याच्या मागें गेली तें हेंच असावें: रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांसाठीं, त्यांच्या पावलांकडे पाहत, त्यांच्या दमाइतकें वाजविणें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नाटकाचें परीक्षण होतें, गवयाच्या मैफलीचें होतें. तसें बँडचेंहि व्हावें. कोणता बँड चालीस जपतो, कोणता गोंगाटांत बुडवितो, कोणाचा क्लॅरिओनेटवाला अजून मींड घेतो, हें नांवानिशीं लिहिलें जावें. जळगांवच्या विद्यापीठानें व आमच्यासारख्या महाविद्यालयांनीं, जे जुने पितळवाले आज हयात आहेत त्यांचें वादन व त्यांच्या तोंडची हकीकत ध्वनिमुद्रित करून ठेवावी. हें काम दहा वर्षांनीं करूं म्हटलें तर करतां येणार नाहीं. आणि ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे, त्यांनीं बँड ठरवितांना ‘आवाज किती मोठा?’ हें न विचारतां ‘वाजविणारा कोण?’ हें विचारावें, ठरलेली रक्कम वेळेवर द्यावी, आणि पहिल्या पंगतीस त्याचें पान मांडावें. एवढें झालें तर या सुखास चोरटें म्हणण्याचें कारण उरणार नाहीं.